ऊस उभा असताना, ऊस गेल्यावर

माजलगावकडचे आमचे मामा परवा वैतागले होते. सोयाबीन खुरपायला बायका मिळेनात. "लाडक्या बहिणीचे पंधराशे आलेत, आता कशाला येतील त्या चिखलात?" पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये, त्यावर घर चालत नाही. तरी मूलभूत उत्पन्नाचा, म्हणजे गरीब-श्रीमंत न बघता प्रत्येकाला दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा विषय निघाला की पहिला आक्षेप हाच: लोक आळशी होतील.

या वादात मला तमिळनाडूतला प्रयोग फार आवडतो, कारण तो उसाच्या फडाचा आहे. 2013 साली 'सायन्स' नियतकालिकात तो छापून आला. 464 ऊस उत्पादकांची चाचणी दोनदा घेतली, तोडणीआधी आणि नंतर. कागदावर '5 5 5' छापलेलं. आकडा वाचायचा नाही, तो किती वेळा आलाय ते सांगायचं: तीन. जीभ 'पाच' म्हणायला धावते, तिला आवरायला डोकं खर्ची पडतं. तोडणीआधी, हातात पैसा नसताना, याच शेतकऱ्यांना जास्त वेळ लागला आणि चुकाही जास्त झाल्या. हा ऋतूचा परिणाम असेल? इथंच खरी गंमत आहे. कारखाना सगळ्यांना एकदम तोड देत नाही, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. त्यामुळे एकाच महिन्यात एकाचा ऊस उभा असतो, दुसऱ्याचं बिल जमा झालेलं असतं. ऋतू तोच, खिसा वेगळा. संशोधकांच्या मते पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवून बसते. गरिबी कपाळावर लिहून येते म्हणणाऱ्यांनी आणि धनलक्ष्मी यंत्र विकणाऱ्यांनी ही चाचणी एकदा देऊन बघावी.

अर्थात उसाचं बिल एकरकमी येतं. महिन्याच्या पन्नास-शंभरच्या नोटांनीही असंच होतं, असं हा प्रयोग सांगत नाही. दरमहा पैसे मिळाले की लोक काम सोडतात का, ते पाहायला मध्य प्रदेशात जावं लागतं. तिथं 2011 पासून 'सेवा' या कष्टकरी महिलांच्या संघटनेनं आठ गावांत प्रत्येक प्रौढाला महिन्याला 200, पुढे 300 रुपये दिले. काम कमी झालं नाही, पण काहीजण दुसऱ्याच्या बांधावरून स्वतःच्या रानात वळले. म्हणजे मामांची तक्रार अगदीच खोटी नाही! दसऱ्याला ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल नाकारता आली, तर कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा भावही वेगळा ठरेल. राजकारण इथं आहे. लाडकी बहीण सार्वत्रिक नाहीच: वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पीएम-किसान तर सातबारा असलेल्यांनाच. भूमिहीन ऊसतोड जोडप्याला पीएम-किसानचं काही नाही.

मामांच्या खात्यात त्याचे वर्षाला 6000 पडतात. ते आळशी झालेत असं मामीसुद्धा म्हणत नाही.