घर दिवसाच्या भाड्याने देण्यापूर्वी : मुंबईतील सदनिकाधारकांसाठी माहितीपत्रक

भाडेकरारांची नोंदणी करणे आणि गृहनिर्माण सोसायट्यांची कागदपत्रे पाहणे हे आमच्या कार्यालयाचे रोजचे काम आहे. अलीकडे दादर, पार्ले, अंधेरी आणि वांद्रे येथील बरेच ग्राहक एक निराळा प्रश्न घेऊन येतात : रिकामी सदनिका एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळावर टाकून दोन-चार रात्रींसाठी पाहुण्यांना दिली तर चालेल का? याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. निवासी इमारतींतील अशा अल्पमुदतीच्या भाड्यासाठी मुंबईत स्वतंत्र कायदा नाही. सोसायटीचे उपविधी (तिचे अंतर्गत नियम), पोलिसांचे आदेश, महापालिकेचे परवाने आणि वस्तू व सेवा कर असे वेगवेगळे नियम एकाच सदनिकेला एकाच वेळी लागू होतात आणि त्या सर्वांची जबाबदारी मालकावर येते.

मूळ मुद्दा असा की घर राहायला देणे वेगळे आणि उतरायला देणे वेगळे. राहायला येणारे कुटुंब शेजाऱ्यांच्या ओळखीचे होते, वॉचमन त्यांना नावाने ओळखतो, त्यांची नोंद सोसायटीच्या दप्तरात असते. उतरायला येणारा पाहुणा मध्यरात्री बॅगा घेऊन लिफ्टजवळ उभा राहतो आणि परवा निघून जातो. त्याच मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना दर आठवड्याला समोरच्या दारात नवा चेहरा दिसतो. ही तक्रार क्षुल्लक नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. उत्पन्नाचा विचार करताना तिचाही विचार व्हावा.

सोसायटीपासून सुरुवात करावी. सदनिका ज्या वापरासाठी दिलेली आहे त्याहून वेगळ्या वापरासाठी समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते, असे आदर्श (म्हणजे नमुना) उपविधी सांगतात. मात्र आपल्या सोसायटीने प्रत्यक्षात नोंदवलेले उपविधी कोणते, हे पाहिल्याशिवाय केवळ ऐकीव माहितीवर विसंबू नये. सोसायटीलाही मर्यादा आहेत. सदनिका भाड्याने दिल्यास घ्यावयाचे बिनभोगवटा शुल्क हे महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, असा राज्य शासनाचा 2001 सालापासूनचा आदेश आहे. त्यामुळे दर पाहुण्यामागे देणगी मागणाऱ्या समितीला हा आदेश दाखवता येतो. तरीही आमचा अनुभव असा आहे की जाहिरात टाकून मग समितीशी भांडण्यापेक्षा आधी लेखी अर्ज देऊन चर्चा केलेली बरी, कारण एकदा मन दुखावले की सर्वसाधारण सभेत साध्या विषयालाही विरोध होतो.

पोलिसांकडे माहिती देण्याच्या बाबतीत कसलीही सवलत गृहीत धरू नये. घरमालकांनी भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यावी, असे मनाई आदेश मुंबई पोलीस वेळोवेळी काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. पाहुणा परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते, आणि हे बंधन मोठ्या हॉटेलइतकेच एका खोलीत पाहुणा ठेवणाऱ्या कुटुंबावरही आहे.

आता ज्या ग्राहकांसाठी हे पत्रक आम्ही मुख्यतः लिहिले, त्यांच्याविषयी. परळ, शिवडी, दादर भागांत टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांचे नातेवाईक खोली शोधत फिरतात. त्यांना दोन रात्री नकोत आणि अकरा महिनेही नकोत. उपचार चालतील तेवढे एक-दोन महिने हवे असतात. अशांना घर देण्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार पुरेसा आहे, कारण तो अकरा महिन्यांचाच असावा असा नियम नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असून कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. मुंबईत नोंदणी शुल्क 1,000 रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या हिशेबाने 0.25 टक्के असल्याने एवढ्या खर्चासाठी करार टाळणे शहाणपणाचे नाही. महिन्याहून अधिक मुक्काम असेल तर हाच मार्ग धरावा, असा आमचा आग्रह आहे.

दिवसाच्या भाड्याला मात्र कर खात्याच्या लेखी निवासाचे नव्हे, तर हॉटेलसारख्या सेवेचे स्वरूप येते. राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या भाड्याला असलेली वस्तू व सेवा कराची सूट येथे मिळत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून प्रतिदिन 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के आणि त्याहून महाग खोलीला 18 टक्के कर आहे. मालकाची उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असून त्याने नोंदणी केलेली नसेल, तर संकेतस्थळामार्फत आलेल्या मुक्कामाचा कर संकेतस्थळानेच भरायचा असतो. महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. ही माफी निवासी वापरासाठी आहे, हे लहान सदनिकांच्या मालकांनी विसरू नये. पागडीच्या खोलीतील भाडेकरूने तर हा विचारच करू नये, कारण मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे घर खाली करून घेण्याचे कायदेशीर कारण ठरते.

स्वतः त्याच घरात राहून एखादी खोली पाहुण्यांना देणाऱ्यांसाठी वाट अधिक सरळ आहे. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना याच हेतूने आहे. केंद्राच्या तशाच योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच वास्तूत राहणे ही अट आहे आणि खोल्यांची मर्यादा सहा आहे. न्यूयॉर्क शहरानेही सप्टेंबर 2023 पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी मालकाची नोंदणी आणि घरातील उपस्थिती सक्तीची केली. मालक घरात असला की आवाज, कचरा आणि अनोळखी माणूस या तिन्ही तक्रारींना उत्तर द्यायला कोणीतरी हजर असते. म्हणून आम्हीही हाच प्रकार सुचवतो आणि दूर राहून पूर्ण सदनिका रात्रीच्या हिशेबाने देण्याचा सल्ला देत नाही.

कार्यालयात येताना भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत, मेंटेनन्सचे शेवटचे बिल, मालमत्ता कराचे देयक आणि गृहकर्ज चालू असल्यास बँकेचे मंजुरीपत्र सोबत आणावे. म्हाडा किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर असल्यास वाटपपत्रही आणावे, कारण त्यातील अटी तपासल्याशिवाय आम्ही कोणताही करार तयार करत नाही.