ग्रीक शोकांतिकेतील कोरस आणि आधुनिक रंगभूमी

प्राचीन ग्रीक शोकांतिका आज सादर करू पाहणाऱ्या दिग्दर्शकाची खरी परीक्षा पाहतो तो कोरस, म्हणजे नाटकात समूहाने गाणारा-नाचणारा वृंद. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील अथेन्समध्ये कोरस कसा उभा करावा हा प्रश्नच नव्हता. डायोनायसस या मद्यदेवतेच्या उत्सवात प्रयोग पाहणारे आणि ऑर्केस्ट्रा नावाच्या, रंगमंचासमोरील मोकळ्या जागेत गाणारे-नाचणारे नागरिक एकाच नगराचे असत आणि कोरसच्या तालमींचा खर्च एखाद्या धनिकाला नागरी कर्तव्य म्हणून उचलावा लागे. पुढे ते संगीत आणि नृत्य जवळजवळ पूर्णपणे लुप्त झाले व हाती उरली ती केवळ संहिता.

१५८५ साली इटलीतील विचेंझा येथे, वास्तुविशारद पल्लाडिओने आराखडा केलेल्या तेआत्रो ओलिंपिको या नाट्यगृहाचे उद्घाटन सॉफोक्लीसच्या 'ईडिपस'ने झाले. कोरसची गीते संगीतकार आंद्रेआ गाब्रिएलीने स्वरबद्ध केली होती आणि शब्द स्पष्ट पोहोचावेत म्हणून बहुतेक ठिकाणी सगळे आवाज एकाच लयीत बांधले होते. तरीही अंतोनिओ रिक्कोबोनी या विद्वानाने तक्रार केली की, हे गायन म्हणजे मठवासी बायबलमधील जेरेमायाचे विलाप आळवत असल्यासारखे वाटते. ही तक्रार मला फार मोलाची वाटते, कारण पुढच्या चारशे वर्षांची अडचण तीत आधीच आलेली आहे: कोरससाठी दुसरी एखादी परंपरा उसनी घेतली की तिचे मूळ वातावरणही तिच्यामागोमाग रंगमंचावर येते.

१८४१ साली पोट्सडॅम येथील सॉफोक्लीसच्या 'अँटिगनी'साठी जर्मन संगीतकार मेंडेल्सोनने पुरुषांचा गायकवृंद योजला. १९२७ साली डेल्फी येथे 'बंदिस्त प्रोमिथिअस' सादर करताना इव्हा पामर-सिकेलिआनोस यांनी अधिक धाडसी मार्ग धरला. प्राचीन कलशांवरील चित्रांतून त्यांनी कोरसच्या मुद्रा घेतल्या, त्याची वस्त्रे हातमागावर विणली आणि गाण्यासाठी ग्रीक चर्चमधील बायझंटाइन गायनपरंपरेचा आधार शोधला.

ब्रिटिश दिग्दर्शक पीटर हॉल यांनी १९८१ साली लंडनमध्ये एस्किलसची 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी मुखवटे घातलेल्या, केवळ पुरुष नटांकडून करवून घेतली. १९९० पासून पॅरिसमध्ये फ्रेंच दिग्दर्शिका आरिआन म्नुश्किन यांनी याच नाट्यत्रयीला युरिपिडीसच्या इफिजेनियावरील नाटकाची जोड देऊन 'लेझात्रीद' ही मालिका उभी केली. तिच्यातील कोरसच्या नृत्यावर कथकळीची छाप होती, मात्र संवाद मुख्यतः कोरसप्रमुखाकडेच सोपवलेले असल्यामुळे बाकीच्यांना पूर्ण ताकदीने नाचता येई आणि कवितेचा शब्दही हरवत नसे.