विद्यार्थी-प्रकल्पांतील चित्रे व आकडेवारी

प्रकल्पवही, स्वाध्याय, भित्तिपत्रक किंवा सादरीकरण यांसाठी इतरांनी काढलेली चित्रे व इतरांनी जमवलेले आकडे शोधणे, पारखणे आणि योग्य श्रेय देऊन वापरणे. पूर्वी यासाठी स्टेशनरीच्या दुकानातले चित्रतक्ते आणि वर्तमानपत्रांची कात्रणे पुरत. आता शोधयंत्रे त्या जागी आली आहेत. शोधयंत्र चित्र कोठे आहे एवढेच दाखवते. त्यामुळे ‘सौजन्य : गूगल’ ही सर्वत्र आढळणारी ओळ स्रोत ठरत नाही.

भारतात चित्रांचा वापर कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कक्षेत येतो. त्यातील कलम ५२(१)(i) नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली कोणत्याही कृतीची (लेखन, चित्र इत्यादींची) प्रत हक्कभंग मानली जात नाही. ‘अध्यापनाचा ओघ’ किती व्यापक मानावा, हा वाद दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावरून न्यायालयात गेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी, तेथे विकल्या जाणाऱ्या आपल्या पुस्तकांतील उताऱ्यांच्या छायाप्रतींविरुद्ध, २०१२ मध्ये दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये, व खंडपीठाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, या शब्दांना वर्गातील व्याख्यानापुरते मर्यादित ठेवण्यास नकार दिला. किती पाने उतरवली यापेक्षा शिकवण्याच्या हेतूसाठी तेवढी लागत होती का, ही कसोटी खंडपीठाने लावली. वाद पुस्तकांतील उताऱ्यांचा असला तरी कलमात ‘कोणतीही कृती’ असा उल्लेख असल्याने चित्रांनाही तोच न्याय लावता येतो, असे सामान्यतः मानले जाते.

तोच प्रकल्प संकेतस्थळावर किंवा यूट्यूबवर चढवला तर काय, याबाबत एकमत नाही. शिक्षणाचा हेतू कायम असल्याने संरक्षणही कायम राहते, असे काहींचे म्हणणे. दुसऱ्या मतानुसार कलमात फक्त प्रत काढण्याचा उल्लेख आहे. लोकांपर्यंत कृती पोहोचवणे हा कलम १४ मधील वेगळा हक्क आहे. कलमाची शब्दरचना पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. श्रेय देण्याची अट ५२(१)(i) मध्ये नसली, तरी कलम ५७ कर्त्याचा आपल्या कृतीवरील कर्तेपणाचा हक्क स्वतंत्रपणे जपते.

चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्रावरील कॉपीराइट संपतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, म्हणजे त्यांची मूळ चित्रे केव्हाच मुक्त झाली. मात्र मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्यांच्या छापखान्यातून त्यांच्या पश्चातही शिळाछापाची चित्रे निघत राहिली. तेव्हा हाताशी असलेली प्रत कोणाची व केव्हाची हे पाहावे लागते. हयात छायाचित्रकारांची चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर सर्वांना आधीच दिलेल्या परवानगीने, मिळतात. हे परवाने २००२ पासून प्रचारात आहेत. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहात प्रत्येक चित्राखाली कर्ता व परवाना नोंदवलेला असतो. कर्ता, चित्राचे शीर्षक, दुवा आणि परवान्याचे नाव एवढे चित्राखालीच लिहावे, शेवटच्या पानावर एकत्रित नव्हे. ‘रूपांतर नको’ अशी अट असलेले चित्र रंग बदलून किंवा कापून प्रसृत करता येत नाही.

आकड्यांची गोष्ट निराळी. निव्वळ तथ्यावर कोणाचा हक्क नसतो, मात्र त्यांची कौशल्याने केलेली मांडणी संरक्षित असू शकते. शासकीय विदेसाठी (डेटासाठी) २०१७ मध्ये अधिसूचित झालेला खुला परवाना श्रेयाच्या अटीवर मोकळा वापर देतो. चुका होतात त्या बहुधा आकडा उचलताना. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण हंगामी निष्कर्षांत ८२.९१ टक्के होते, अंतिम निष्कर्षांत ८२.३४, देशाचे ७४.०४ वरून ७२.९९ वर आले. दोन्ही आकडे आजही जालावर सापडतात आणि हंगामी आकडा, आधी गाजल्यामुळे असेल, अधिक उतरवला जातो. शिवाय १९५१ ते १९७१ चे दर पाच वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे, तर १९८१ पासूनचे सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे दिले जातात. १९५१ चे १८.३३ आणि २०११ चे ७२.९९ एकाच रेषेने जोडायचे असतील, तर आलेखाखाली ही टीप हवी. अक्ष शून्याऐवजी ६० पासून सुरू केल्यास दोन जिल्ह्यांतील किरकोळ फरकही दरीएवढा दिसतो. तसे केले असल्यास निदान सांगावे.

राज्याच्या आकड्यांसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ सोयीची आहे. मात्र तीत इतर खात्यांचे आकडे संकलित असल्याने, तक्त्याखाली दिलेला मूळ आधार पाहून त्याचाही निर्देश करणे इष्ट.

व्यक्तींच्या, विशेषतः लहान मुलांच्या व रुग्णांच्या, छायाचित्रांसाठी परवान्याखेरीज संमतीही लागते.

उच्च शिक्षणात वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे. नेहमीच्या तपासणी प्रणाली प्रामुख्याने मजकुरातील साम्य मोजतात. उचललेले चित्र किंवा हाताने पुन्हा काढलेला आलेख त्यांतून सहज निसटतो आणि तो ओळखण्याचे काम परीक्षकाकडेच राहते.