एक्सबी-७० व्हॅल्किरी : रद्द झालेल्या बाँबफेकी विमानाच्या पर्यायी भूमिका

एक्सबी-७० व्हॅल्किरी हे आवाजाच्या तिप्पट वेगाने उडणारे, सहा इंजिनांचे अमेरिकी बाँबफेकी विमान. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीने त्याचे दोनच नमुने बांधले आणि वायुसेनेच्या ताफ्यात ते कधीच दाखल झाले नाही. मूळ काम हातचे निसटू लागल्यावर या विमानाला दुसरे कोणते काम देता येईल, यावर मात्र कंपनी, वायुसेना आणि अमेरिकी काँग्रेस यांनी अनेक वर्षे डोके चालवले. टेहळणी करता करता मारा करणारे विमान, प्रवासी विमान, सैनिकांची ने-आण करणारे विमान, हवेत इंधन पुरवणारा टँकर आणि अवकाशयानाला उंचीवर नेऊन सोडणारा वाहक अशा भूमिका त्याच्यासाठी सुचवण्यात आल्या. त्यांपैकी एकही प्रत्यक्षात आली नाही. या नोंदीत त्या कल्पनांचा आणि त्या का फसल्या याचा विचार केला आहे.

या विमानाची घडण ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. सुमारे ५७ मीटर लांब, पंखांची रुंदी ३२ मीटर आणि पूर्ण भरल्यावर वजन जवळपास २४५ टन. या वजनातला निम्म्याहून अधिक वाटा इंधनाचा. मॅक ३ला, म्हणजे आवाजाच्या तिप्पट वेगाला, कातडे इतके तापते, की ॲल्युमिनियम मऊ पडते. म्हणून बहुतेक सांगाडा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना असलेल्या पोलादी पत्र्यांचा आणि पुढचा भाग टायटॅनियमचा होता. सहाही इंजिने पोटाखालच्या एका पाचरीसारख्या खोक्यात शेजारी शेजारी बसवलेली. या पाचरीमुळे उठणारी आघात-तरंग, म्हणजे हवेतली दाबाची लाट, पंखाखाली अडकवायची आणि तिच्या दाबावर विमान तोलायचे, ही या रचनेतली सर्वांत देखणी युक्ती. नाका या नासाच्या पूर्वसुरी संस्थेतील एगर्स आणि सिव्हर्टसन यांनी १९५६मध्ये तिचे गणित मांडले होते. वेग वाढला की पंखांची टोके ६५ अंशांपर्यंत खाली वळत, त्याने दाब बाहेर निसटत नसे आणि विमान सरळ रेषेत स्थिरही राहत असे. म्हणजे नाकापासून शेपटापर्यंत प्रत्येक गोष्ट एकाच कामासाठी बेतलेली होती : उंचावरून, सतत मॅक ३ने, फार लांब जाणे.

ते कामच वादात सापडले. आंतरखंडीय क्षेपणास्त्रे अर्ध्या तासात लक्ष्यावर पोहोचू लागली. १ मे १९६० रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्राने २० किलोमीटरहून उंच उडणारे अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले, तेव्हा उंची हे कवच राहिले नाही हेही उघड झाले. त्याआधीच, डिसेंबर १९५९मध्ये, आयझेनहॉवर सरकारने कार्यक्रम एका नमुन्यापुरता आखडला होता. १९६०मध्ये निधी पुन्हा वाढला, पण २८ मार्च १९६१ रोजी केनेडी यांनी उत्पादनाचा बेत मोडीत काढून प्रकल्प संशोधनापुरता उरवला.

पर्यायी भूमिकांपैकी सर्वाधिक वजनदार होती ती आरएस-७०ची. ‘आर’ म्हणजे टेहळणी, ‘एस’ म्हणजे प्रहार. कल्पना अशी : क्षेपणास्त्रांचा पहिला मारा होऊन गेल्यावर हे विमान शत्रूच्या प्रदेशावर जाईल, रडारने जमिनीचे चित्र घेईल, काय उद्ध्वस्त झाले आणि काय उरले हे पाहील आणि उरलेल्यावर तिथल्या तिथे क्षेपणास्त्र सोडेल. क्षेपणास्त्राला डोळे नसतात, वैमानिकाला असतात, हा त्यामागचा युक्तिवाद. वायुसेनाप्रमुख कर्टिस लमे यांचा त्यावर ठाम विश्वास होता आणि प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष कार्ल व्हिन्सन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मार्च १९६२मध्ये समितीने आरएस-७०साठी ४९ कोटी १० लाख डॉलर खर्च करण्याचा चक्क ‘आदेश’ देणारी तरतूद विधेयकात घातली. पैसा मंजूर करण्याचा अधिकार संसदेचा, पण तो खर्च कराच असे सरकारला बजावता येते का, असा घटनात्मक पेच त्यातून उभा राहिला. केनेडी यांनी व्हिन्सन यांना व्हाइट हाउसच्या बागेत फिरायला नेले. त्यानंतर ‘आदेश’ हा शब्द गळून ‘अधिकार’ हा शब्द आला. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी तो अधिकार वापरला नाही.

मॅक्नमारा यांची बाजू इथे भक्कम होती, असे मानावे लागते. मॅक ३ म्हणजे सेकंदाला जवळपास ९०० मीटर. पडद्यावरचे धूसर रडारचित्र पाहून क्षेपणास्त्राचा तळ ओळखायचा, तो शाबूत आहे की नाही हे ठरवायचे आणि शस्त्र सोडायचे, हे सगळे काही सेकंदांत. तेवढे स्पष्ट चित्र देणारे रडार आणि ते तत्काळ वाचणारी संगणकयंत्रणा १९६२मध्ये नव्हती. शिवाय काँग्रेसमध्ये वाद रंगला होता त्या काळात, नेवाडाच्या वाळवंटात ग्रूम लेक इथे, लॉकहीडचे ए-१२ हे मॅक ३चे गुप्त टेहळणी विमान पहिल्या उड्डाणाच्या उंबरठ्यावर होते. एप्रिल १९६२मध्ये ते उडाले. बहुतेक लोकप्रतिनिधींना त्याचा पत्ताच नव्हता. त्याच घराण्यातील एसआर-७१ने पुढे टेहळणीची जागा घेतली. आरएस-७१ हे त्याचे आधीचे नाव आरएस-७०च्याच क्रमातले होते. व्हॅल्किरीच्या वाट्याची भूमिका दुसऱ्याला मिळाली ती अशी, नावासकट.

प्रवासी विमानाची कल्पना वरवर सर्वांत सोपी वाटते. जून १९६३मध्ये केनेडी यांनी स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, प्रवासी विमानाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला आणि नॉर्थ अमेरिकनने व्हॅल्किरीच्या वळणावर बेतलेला एनएसी-६० हा आराखडा स्पर्धेत उतरवला. तो १९६४मध्येच बाद झाला. बोइंग आणि लॉकहीड पुढे गेले. बाँबफेकी विमानाचे सडपातळ शरीर इंधनाने भरलेले असते, त्यात खुर्च्यांची रांग बसवायची तर धड नव्याने बांधावे लागते आणि धड बदलले की बाकीचे गणितही बदलते. सैनिक नेण्याची आणि टँकर करण्याची कल्पना याच अडचणीपाशी थांबली. चाळीस-पन्नास जवान तिप्पट वेगाने पोहोचवून त्यांची तोफ आणि रसद मागाहून सावकाश येणार असेल, तर त्या घाईचा उपयोग काय, हा साधा प्रश्नही होताच. स्पर्धा जिंकलेल्या बोइंगच्या विमानासाठी तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियानेही दोन विमानांची आगाऊ नोंदणी केली होती. १९७१मध्ये अमेरिकी काँग्रेसने तोही प्रकल्प गुंडाळला.

अवकाशाकडे जाण्याची कल्पना या सर्वांत मोहक. व्हॅल्किरीने २१ किलोमीटर उंचीवर मॅक ३ गाठावे आणि तिथून डायना-सोरसारखे अवकाशयान किंवा एक्स-१५ हे अग्निबाण-विमान पुढे सुटावे. बी-५२ हे बाँबफेकी विमान एक्स-१५ला सुमारे १४ किलोमीटरवरून, आवाजापेक्षा कमी वेगात सोडत असे. त्या मानाने ही मोठी उडी ठरली असती. परतून उतरणारा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा पहिला टप्पा म्हणून विमान वापरण्याचा विचार पुढील अनेक दशके निरनिराळ्या रूपांत परत येत राहिला, त्यामुळे या आराखड्यांकडे निव्वळ स्वप्नरंजन म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. पण हिशेब कठोर आहे. पृथ्वीभोवती कक्षेत राहायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. मॅक ३ त्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढा, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे धरले तर हा वाटा दीड टक्क्याच्या आतच येतो. उरलेले सारे ओझे अग्निबाणावरच.

त्याहून मोठा धोका सुटण्याच्या क्षणाचा. ३० जुलै १९६६ रोजी पॅसिफिक महासागरावर ए-१२च्या घराण्यातील एम-२१ विमानाच्या पाठीवरून डी-२१ हे मानवरहित यान मॅक ३च्या वर सोडले गेले. ते आघात-तरंगातून नीट सुटले नाही, मागे येऊन वाहक विमानावरच आदळले. वैमानिक वाचला, पण यान सोडण्याचे काम पाहणारे रे टॉरिक मरण पावले. व्हॅल्किरीच्या पाठीवर कुणाला बसवून त्या वेगाला सोडायचे म्हणजे काय, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले.

प्रत्यक्षात व्हॅल्किरीच्या वाट्याला आली ती संशोधनाची भूमिका, आणि तीही फार थोडा काळ. पहिले विमान २१ सप्टेंबर १९६४ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेलहून उडाले. १४ ऑक्टोबर १९६५ रोजी त्याने मॅक ३ गाठले, पण डाव्या पंखाच्या पुढच्या कडेचा पत्रा उखडला आणि त्या विमानाचा वेग मॅक २.५पर्यंत मर्यादित ठेवावा लागला. दुसरे विमान अधिक चांगले जमले होते. मे १९६६मध्ये ते सलग ३२ मिनिटे मॅक ३ने उडाले. ८ जून १९६६ रोजी इंजिने बनवणाऱ्या कंपनीसाठी छायाचित्रे घेण्याच्या उड्डाणात शेजारचे एफ-१०४ हे लढाऊ विमान त्याला धडकले. त्या विमानातील नासाचे जो वॉकर आणि व्हॅल्किरीतील मेजर कार्ल क्रॉस यांचा मृत्यू झाला. व्हॅल्किरीचे वैमानिक अल व्हाइट जबर जखमी होऊन वाचले. नासाच्या कामासाठी ज्या विमानावर भिस्त होती, तेच गेले.

उरलेल्या एकट्या विमानाने तरी बरेच काही शिकवले. सोनिक बूम, म्हणजे स्वनातीत विमान डोक्यावरून गेले की जमिनीवर बसणारा दणका, मोजण्यासाठी त्याच्याइतके मोठे दुसरे विमान नव्हते. लांब विमानाचा दणका अधिक वेळ टिकतो. ओक्लाहोमा सिटीतील नागरिकांनी १९६४मध्ये लहान विमानांचे असे दणके सहा महिने सोसले होते, त्यामुळे प्रश्न कागदी नव्हता. पुढे १९७३मध्ये अमेरिकेने आपल्या भूमीवरून नागरी स्वनातीत उड्डाणांना बंदी घातली. याच विमानाच्या नाकाशेजारी दोन छोटे पंख बसवून, लांब लवचीक धडाची थरथर कशी शमवता येते, हेही तपासले गेले. बी-१ बाँबफेकी विमानाच्या नाकावर दिसणारे छोटे पंख त्याच कामाचा पुढचा धागा आहेत.

व्हॅल्किरीच्या विरोधकाचीही भूमिका बदलली, हे भारतीय वाचकाला विशेष वाटावे. अशा अतिवेगवान, उंच उडणाऱ्या अमेरिकी विमानांना अडवण्याच्या गरजेतून सोव्हिएत संघाने मिग-२५ घडवले. भारतीय वायुसेनेने १९८१ ते २००६ या काळात ते बरेलीहून उडवले, ते मात्र टेहळणीसाठी. आरएस-७०च्या नावातला ‘आर’ असा भलत्याच विमानाकडे, भलत्याच देशात नांदला.

दोन्ही व्हॅल्किरी मिळून १२९ उड्डाणे झाली. शेवटचे ४ फेब्रुवारी १९६९ रोजी, ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन तळाकडे. संग्रहालयात ठेवण्यासाठी नेताना, आवाजापेक्षा कमी वेगाच्या त्या प्रवासातही मोजमापाची उपकरणे चालू होती.