दगड, काँक्रीट आणि गुणांचा तक्ता : मराठवाड्यातल्या घरबांधणीची पार्श्वभूमी

निकष ठरवायचे, त्यांना भार द्यायचे, प्रत्येक पर्यायाला गुण देऊन बेरीज करायची, या रीतीची सूत्रं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधली गेली. घरबांधणीत मराठवाड्याला तिची निकड कळली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात.

लातूर जिल्ह्यातलं किल्लारी तेव्हा भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होतं. तिथल्या घरांच्या दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मध्ये चिपा नि माती. हादऱ्यानं थर सुटले, वरून माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची, माती आली. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्याच राहिल्या. माणसं भिंतींखाली गेली.

पुनर्वसनात दगड जवळजवळ बाद झाला, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. सुरक्षितता हा इतरांसारखाच एक निकष धरला तर काय होतं पाहा. भार असे : सुरक्षितता ०.४, खर्च ०.३, उन्हाळ्यातला गारवा ०.२, गावातच गवंडी मिळणं ०.१. जुन्या दगड-मातीच्या घराला दहापैकी अनुक्रमे १, १०, १०, १० गुण दिले तर बेरीज ६.४. ओतीव काँक्रीटला १०, ३, २, ४ दिले तर ५.७. म्हणजे पडणारं घर पहिलं! स्वस्ताई आणि गारवा धोक्याची भरपाई करून टाकतात. म्हणून सुरक्षितता आधी चाळणी म्हणूनच लावायला हवी : जे घर सुरक्षित नाही ते तिथंच बाद, गुण नंतर.

पण चाळणी 'दगड' या नावाला लावली, तिथं चूक झाली. ती बांधणीच्या तपशिलाला लावायची असते. भिंत ४५० मिमीपेक्षा जाड नाही, उंचीत दर ६०० मिमीला आणि लांबीत दर १.२ मीटरला दोन्ही थर बांधणारा आरपार दगड, लिंटेल पातळीला (दारं-खिडक्यांच्या वर) सलग काँक्रीट पट्टा : १९९३ च्याच भारतीय मानकात अशी दगडी भिंत मान्य आहे. ती चाळणीतून पार होते, मग गारवा आणि गवंडी या निकषांवर पुढे सरकते.

पुढे दुष्काळांनी पाणी हा निकष आणला. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं. टँकरचा दर खर्चात धरला नाही तर काँक्रीट उगाच स्वस्त दिसतं. काळ्या मातीतल्या पायाचंही तसंच. पांढरीवरच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवरच्या, जुन्या गावठाणाचा खर्चाचा अंदाज काळ्या रानातल्या नव्या वसाहतीला लावला, की फुगणाऱ्या मातीनं भिंती तडकतात आणि दुरुस्तीचा खर्च तक्त्याबाहेरच राहतो.