तीन कलमं आणि एक चाकू

रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्ही सात-आठ जण चहा पिता पिता खिसे रिकामे करतो. बाकावर जे मांडलं जातं ते बघून फिरायला आलेली माणसं जरा लांबूनच वळतात. खरं तर त्यातलं सगळ्यांत मोठं पातं चार बोटांचं. बीच लाकडाच्या मुठीचा एक फ्रेंच चाकू, दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा जपानी, लाल स्विस, तीन पात्यांचा अमेरिकन, आणि एक घिसाड्याकडून करून घेतलेला, म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा. "आज कुठला आणलास भावा?" असं विचारायचं, धार नखावर बघायची, पेरू कापायचा, घरी जायचं. एवढाच हा नाद.

लोकांनी वळसा घालणं समजण्यासारखं आहे. चाकू म्हटलं की डोळ्यांपुढे सिनेमातला दादा नाहीतर पेपरातली गुन्हे वार्ता. पण खिशातला चाकू मुळात गुंडाचा नव्हेच. तो कारकुनाचा, माळ्याचा, पान खाणाऱ्याचा. गुंडानं तो फार उशिरा उचलला, आणि नाव मात्र त्याच्याच खात्यावर चढलं. हे कसं झालं ते सांगायला मराठीत एक शब्द पुरतो: कलम. लिहितात ते कलम, रोपाला बांधतात ते कलम, आणि पोलीस लावतात तेही कलमच. खिशातल्या चाकूचा तिघांशीही संबंध आला.

आधी लेखणीचं. 'सुरी' आपली घरची, संस्कृत क्षुरिकेची लेक. 'चाकू' तुर्की-फारसीच्या वाटेनं आलेला. सुरी स्वयंपाकघरात राहिली, चाकू दफ्तरात गेला. तिथं त्याचं काम होतं बोरू तासायचं, म्हणून फारसीत त्याला नावच कलमतराश. गंमत म्हणजे तिकडे इंग्रज कारकूनही पिसाची लेखणी तासायला चाकू वापरायचा आणि त्याला 'पेननाइफ'च म्हणायचा. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन कारकुनांनी एका हत्याराला एकच नाव ठेवलं.

बोरू करून बघितलाय कुणी? मी केलाय, आणि पहिले चार वाया घालवलेत. काडी तिरकी छाटायची, आतला भुसा खरवडायचा, दोन्ही बाजू तासून जीभ काढायची, मधोमध चीर द्यायची आणि शेवटी टोक एका दाबात तिरकं उडवायचं. हा शेवटचा घाव पातं जरा बोथट असलं तरी फाटतो, आणि फाटलेल्या टोकाची शाई अक्षराभर पसरते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी कारभाराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेत. त्या प्रत्येक ओळीच्या आधी कुणीतरी चाकू उघडलेला आहे. पुढे टाक आला, मग फाउंटन पेन आलं, आणि चाकूची ही नोकरी गेली. पेन्सिलीनं त्याला आणखी काही वर्षं कामावर ठेवलं.

घडीचा चाकू त्याहून कितीतरी जुना. ऑस्ट्रियात हालश्टाट इथं सापडलेला, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वी 600 ते 500 च्या सुमाराचा मानतात. पण त्या जुन्या घड्या नुसत्या खिळ्याभोवती फिरायच्या, पातं ढिलं. आज आमच्या बाकावर असतात त्यांतल्या बहुतेकांचं तंत्र इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी सतराव्या शतकात मार्गी लावलं. मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी बसवायची. पात्याचं बूड चौकोनी ठेवायचं. उघडलं की पट्टी बुडाच्या सपाट बाजूवर टेकते आणि पातं तिच्या दाबानं थांबतं. मिटलं तरी तसंच. खटका नाही, कुलूप नाही. नखाच्या खाचेत नख घालून ओढलं की मध्यावर एकदा अडतं आणि मग 'टक' असा आवाज येतो. या 'टक'वर आमच्यात तासभर चर्चा चालते, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स पेढीचे चाकू इंग्रजी अमलात हिंदुस्थानभर खपले. 1822 साली त्यांनी एका चाकूला 1822 पाती लावून दाखवली. खिशात मावणारा नव्हता हे उघडच आहे. आमच्या आजोबांकडे त्यांचाच दोन पात्यांचा होता, बुडावर तारा आणि माल्टीज क्रॉसची खूण झिजून पुसट झालेली. आजोबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर कारकून. शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवली आणि गुळाच्या व्यापारानं ती मोठी झाली. आजोबांच्या चाकूचं लहान पातं पेन्सिलीसाठी आणि मोठं पातं गुळाच्या रव्याच्या, म्हणजे ढेपेच्या, कडेचा टवका काढून जिभेवर ठेवण्यासाठी. घरी कैरी कापायची असली तरी तोच, धोतराला पुसून. कैरीच्या आंबटानं ते पातं काळंनिळं पडलेलं. स्टेनलेस पोलाद 1913 मध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्लीनं काढलं, पण आजोबांचा चाकू त्याआधीच्या जातीचा, साध्या पोलादाचा. आज आमच्यातले निम्मे मुद्दाम तसलंच पातं घेतात आणि ते लवकर काळं पडावं म्हणून लिंबू कापत बसतात. आजी असती तर तिनं राखेनं लख्ख घासून दिलं असतं आणि वर चार शब्द सुनावले असते.

रॉजर्स परवडत नसे त्याच्यासाठी जत्रा होती. जोतिबाच्या चैत्र यात्रेहून आमच्यासाठी यायचा तो माशाच्या आकाराचा, पत्र्याच्या मुठीचा चाकू. दोन महिन्यांत खिळा ढिला व्हायचा आणि मासा खुळखुळायचा. पक्कं काम हवं असेल तर घिसाडी. गाडीवर संसार घेऊन फिरणारे हे लोहार रस्त्याकडेला भाता मांडतात आणि ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून विळे, कोयते, खुरपी घडवतात. माझा शिंगाच्या मुठीचा त्याच पाट्याचा. तापवलेलं पातं पाण्यात बुडवताना म्हातारबाबा म्हणाले, "मालक, आकाराचं सोडा. पानी बसलं का न्हाई, तेवडं बगा." पोलादाला 'पाणी' देणं हा त्यांचा शब्द. माणसाला पाणीदार म्हणतो तेही इथूनच आलं असावं, असं मला आपलं वाटतं.

दुसरं कलम झाडाचं, आणि इथं चाकूची नोकरी अजून शाबूत आहे. शेजारच्या तासगाव भागात द्राक्षाच्या खुंटावर कलम भरायला टोळ्या फिरतात. त्यांच्यातल्या एकाच्या खिशातला चाकू मी हातात घेऊन पाहिला: पातं जेमतेम तीन इंच, धार एकाच बाजूनं लावलेली, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. कारण साधं आहे. पाचर कलमात खुंटाला मधोमध चीर देतात आणि काडी पाचरीसारखी तासून तीत बसवतात. दोन्ही बाजूंनी तासून धार लावलेल्या पात्यानं काप थोडा फुगतो, दोन साली नीट भिडत नाहीत आणि मध्ये हवा राहते. एका बाजूच्या धारेनं काप सपाट येतो. बांधायची पट्टी दातात धरून तो माणूस दोन घावांत काडी तासत होता. दर थोड्या वेळानं मांडीवरच्या चामड्यावर पातं घासायचा आणि पुन्हा सुरू. डावखुऱ्याचा चाकू उजव्याला चालत नाही, त्यामुळे उसना मागायची सोयच नाही. कोकणातून गगनबावड्याच्या घाटानं वर येणाऱ्या आंब्याच्या कोय कलमांमागेही असलंच पातं असतं.

पान खाणाऱ्यांचं थोडक्यात. कमरेच्या चंचीत अडकित्ता, चुन्याची डबी आणि कधी एखादा लहान चाकू. रोज अंगावर बाळगायचं हत्यार म्हणून अडकित्त्याचा मान चाकूच्याही आधीचा, आणि आमच्या कट्ट्यावर तो अजून कुणी आणत नाही याचं मला वाईट वाटतं.

मग बदनामी कुठून आली? एक वाट उत्तर प्रदेशातल्या रामपूरहून. नवाबांच्या काळापासून तिथले कारागीर लांब पात्याचे, खटक्याचे चाकू करत. हिंदी सिनेमानं साठ-सत्तरच्या दशकांत 'रामपुरी' हा शब्द घरोघर नेला आणि खिशातलं प्रत्येक पातं रामपुरी झालं. पुढे तिथल्या सरकारनं लांब पात्यांवर बंदी घातली, धंदा आटला, आणि 2023 मध्ये त्याच गावात चौकात सुमारे 20 फुटी चाकू स्मारक म्हणून उभा राहिला. अलीकडे ही पाळी कोयत्याची. ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे 'एक कोयता' म्हणून मोजतात. मुकादमाची उचलही कोयत्यावर ठरते. पोटापाण्याचा तो शब्द आता बातम्यांत 'गँग'ला जोडून येतो.

जपानात हेच आधी घडून गेलं. मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालेला हिगोनोकामी हा शाळकरी पोरांचा पेन्सिलीचा चाकू. 1960 मध्ये टोकियोत भर सभेत समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा खून झाला. खुनी हत्यार होतं आखूड तलवार, पण 'मुलांच्या हाती पातं नको' ही मोहीम पोरांच्या दप्तरापर्यंत पोचली. कारखाने मिटत गेले आणि ते नाव लावणारा एकच उरला. फ्रान्समध्ये मात्र जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये सुरू केलेला लाकडी मुठीचा चाकू शेतकऱ्याच्या खिशातून कधी हललाच नाही. त्यातही पाठीला पट्टी नाही; 1955 पासून एक फिरती कडी पातं अडवते. आमच्यातल्या सगळ्यात कंजूष माणसाकडे तोच आहे आणि तो सर्वांत जास्त वापरतो.

आता तिसरं कलम. शस्त्र कायदा 1959 चा. त्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत धरलाय, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी केलेली पाती त्यातून वगळलीत. म्हणजे आमच्या बाकावरचं तीन इंची पातं त्या मापाच्या आसपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 37(1) इंच मोजत नाही. सण, आंदोलन, निवडणूक आली की जिल्ह्यात बंदी आदेश निघतो आणि त्याच्या यादीत तलवारी-भाल्यांबरोबर चाकू आणि काठीही असते. त्या पंधरवड्यात आमचे चाकू घरी. अंबाबाईच्या देवळात जाताना, कोर्टात, उजळाईवाडीला विमानात चढताना तर एरवीही घरीच. सवयीनं खिशात राहिलेला एक चाकू मी सुरक्षा तपासणीत कायमचा गमावलाय. चूक माझीच. तपासणाऱ्या पोरानं तो हातात घेऊन, "छान आहे हो काका," असं म्हणून डब्यात टाकला.

खंडेनवमीला उद्यमनगरात लेथ धुऊन त्याला झेंडूचे हार घालतात. आमच्या घरी पाटावर आजोबांचा रॉजर्स, आईचा अडकित्ता, शेतावरचा कोयता आणि माझा घिसाडी चाकू ओळीनं मांडलेले असतात, प्रत्येकाला हळद-कुंकवाचं बोट. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, भाजी चिरायची तर शेजारची विळी आणायची. दसऱ्याच्या सकाळी आई पाटावरचा रॉजर्स उचलते, नखानं पातं उघडते आणि दाराच्या तोरणाचा उरलेला दोरा कापते.