जठरांत्र संसर्गाचे जनुकीय निदान

जठर व आतडी यांच्या संसर्गाला कारणीभूत असलेला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याऐवजी त्याच्या डीएनएतील ठरावीक जनुकांवरून ओळखण्याची पद्धत. रुग्णाची विष्ठा, गुदमार्गाचा स्वॅब आणि दुर्बिणीतून काढलेला जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा हे तिचे मुख्य नमुने होत. विदर्भाच्या खेड्यांत ‘हगवण’, ‘ढाळ-वांत्या’ किंवा वर्तमानपत्री भाषेत ‘गॅस्ट्रो’ या नावाखाली जे आजार नोंदले जातात, त्यांच्यामागे डझनभर वेगवेगळे जंतू असू शकतात आणि केवळ लक्षणांवरून ते वेगळे काढणे अनुभवी डॉक्टरलाही बहुधा साधत नाही.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जिवाणूचे शुद्ध संवर्धन केले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे निदानाची रीत मूलतः तीच राहिली. नमुना पोषक माध्यमावर पसरायचा, ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायचा, उगवलेल्या वसाहतींचा रंग व आकार पाहायचा आणि मग रासायनिक चाचण्यांनी ओळख पक्की करायची. यात दोन-तीन दिवस जातात. पटकीच्या बाबतीत ही रीत आजही भरवशाची आहे. तिची खरी अडचण होते ती ई. कोलाय या जिवाणूपाशी. प्रत्येक निरोगी माणसाच्या आतड्यात राहणारा निरुपद्रवी ई. कोलाय आणि तान्ह्या मुलाला निपचित पाडणारा ई. कोलाय मॅकाँकी माध्यमावर सारख्याच गुलाबी वसाहती करतात. फरक असतो तो जनुकांत. एका गटाजवळ उष्णतेने नष्ट होणाऱ्या किंवा उष्णतेतही टिकणाऱ्या विषाची जनुके असतात, दुसऱ्याजवळ आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटण्याचे ‘ईएई’ हे जनुक असते, तर तिसऱ्याजवळ ‘एसटीएक्स’ या घातक विषाचे. रक्ती आंव घडवणारा शिगेला हा जिवाणू तर जनुकसंचाच्या दृष्टीने ई. कोलायच्याच कुळातला आहे. त्याचे स्वतंत्र नाव वैद्यकाच्या सवयीमुळे टिकले आहे. त्याला ओळखण्यासाठी वापरले जाणारे ‘आयपीएएच’ जनुक ई. कोलायच्या आतड्यात घुसणाऱ्या गटातही सापडते, त्यामुळे या चाचणीने दोघांना वेगळे करता येत नाही. उपचार दोहोंवर सारखाच असल्याने रुग्णाचे त्यात काही बिघडत नाही.

जनुक शोधण्याचे सर्वांत रूढ साधन म्हणजे पीसीआर. कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये ही कल्पना सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नमुन्यातील डीएनए सुमारे ९५ अंशांना तापवला की त्याचे दोन धागे सुटे होतात. तापमान ५५ ते ६० अंशांवर आणले की हव्या त्या जनुकाच्या दोन्ही टोकांना जुळणारे छोटे कृत्रिम तुकडे, ज्यांना प्राइमर म्हणतात, त्या धाग्यांना चिकटतात. मग उष्णता सोसणारे विकर (एन्झाइम) त्यांच्यापासून पुढे नवा धागा विणते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, त्यामुळे हिशेबाने ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या १०७ कोटींहून अधिक प्रती तयार होतात. आधुनिक यंत्रात प्रत वाढेल तसा रंगद्रव्याचा प्रकाश वाढत जातो आणि पडद्यावरची सपाट रेघ ज्या फेरीला वर उचलली जाते, त्या फेरीचा आकडा म्हणजे सीटी मूल्य. कोविडच्या काळात हा शब्द गावोगाव पोचला. आकडा जितका लहान, तितका नमुन्यात जंतूचा डीएनए जास्त.

विष्ठा हा मात्र पीसीआरसाठी कटकटीचा नमुना आहे. तिच्यातील पित्तक्षार, अन्नातील गुंतागुंतीच्या शर्करा आणि रक्त पडत असल्यास त्याला लाल रंग देणारे हीम हे घटक विकराचे काम अडवतात आणि जंतू भरपूर असूनही यंत्र ‘नाही’ असे उत्तर देते. यावर उपाय म्हणून नमुना बारीक मण्यांबरोबर जोराने हलवून पेशी फोडतात, डीएनए धुऊन काढतात आणि प्रत्येक नळीत मुद्दाम एक ओळखीचा डीएनए टाकतात. तो मुद्दाम टाकलेला डीएनएसुद्धा वाढला नाही, तर ते उत्तर नकारार्थी न धरता रद्द समजायचे असते. अहवाल वाचणारे नेमकी हीच ओळ बऱ्याचदा गाळतात.

ग्रामीण विदर्भात या पद्धतीचा फायदा यंत्राच्या वेगापेक्षा रस्त्याच्या लांबीशी अधिक निगडित आहे. मेळघाटातील धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि वाट सेमाडोहच्या घाटातून जाते. पावसाळ्यात, म्हणजे ऐन हगवणीच्या दिवसांत, ती कधी बंद पडेल याचा नेम नसतो. शिगेला शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. कॅरी-ब्लेअर या नमुना वाहून नेण्याच्या माध्यमाच्या नळीत, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवून पाठवलेल्या स्वॅबमध्येही तो वाटेतच मरून जाण्याचा संभव असतो आणि मग संवर्धनात काहीच उगवत नाही. मेलेल्या जिवाणूचा डीएनए त्यामानाने टिकतो. गाळणकागदावर वाळवलेल्या विष्ठेच्या डागातूनही तो काढता येतो. शिवाय रुग्ण उपकेंद्रात येण्याआधी गावातल्या डॉक्टरकडून प्रतिजैविकाची एखादी गोळी घेऊन आलेला असतोच. संवर्धनावर त्या गोळीचा परिणाम लगेच होतो, जनुकीय चाचणीवर बराच कमी.

मात्र याच गुणाची दुसरी बाजू विहिरीच्या पाण्यात दिसते. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलरा पसरला आणि त्यात काहींचा मृत्यू झाला. अशा वेळी पहिले काम विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणे हेच असते आणि ते योग्यच आहे. परंतु पाण्याचा नमुना त्यापूर्वी घेतला नसेल, तर नंतर संवर्धनात काही मिळत नाही आणि पीसीआरमध्ये मेलेल्या जंतूंचे जनुक दिसले, तरी पाणी अजून धोक्याचे आहे की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. गावातील पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाच्या ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाणी पिवळे झाले म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे एवढे समजते. तेथे कोणता जंतू होता हे समजत नाही. दोन्ही चाचण्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पटकीचा जिवाणू नैसर्गिक पाण्यातही राहतो आणि त्याचे बहुतेक प्रकार साथ आणत नाहीत. साथ आणणाऱ्या प्रकाराजवळ ‘सीटीएक्स’ ही विषाची जनुके असतात. या विषाचे अस्तित्व शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात सशाच्या आतड्यावरील प्रयोगातून दाखवले होते आणि त्याची जनुके जिवाणूत एका विषाणूमार्फत शिरतात, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून विहिरीच्या पाण्यात निव्वळ पटकीच्या जिवाणूची जात सापडणे पुरेसे नाही, त्यात ‘सीटीएक्स’ आहे का हे पाहावे लागते. त्याहून पुढची पायरी संपूर्ण जनुकसंच वाचण्याची. रुग्णाचा आणि विहिरीचा जिवाणू अक्षर-अक्षर जुळला, की साथीचा उगम बऱ्याच अंशी पक्का होतो. २०११ मध्ये उत्तर जर्मनीत ई. कोलायच्या एका अनोळखी प्रकाराची मोठी साथ आली, तेव्हा त्याचा जनुकसंच काही दिवसांतच वाचला गेला आणि दोन वेगळ्या गटांची घातक जनुके एकाच जिवाणूत एकवटल्याचे उघड झाले. तो पसरला होता मेथीच्या मोडांतून, आणि हे मात्र रुग्णांनी काय खाल्ले याच्या चौकशीतून कळले.

जनुक सापडणे म्हणजे आजाराचे कारण सापडणे नव्हे, ही या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा आहे. जेथे पाणी आणि शौचालय यांची सोय तोकडी असते, तेथे धडधाकट मुलांच्या विष्ठेतही रोगकारक जनुके मिळतात आणि आजारी मुलाच्या एकाच नमुन्यात तीन-चार जंतू एकत्र दिसतात. म्हणून जनुक आहे की नाही यापेक्षा ते किती आहे याला महत्त्व येते. कोलकात्यासह आशिया व आफ्रिकेतील सात ठिकाणच्या मुलांचे नमुने अभ्यासलेल्या एका मोठ्या पाहणीचे संख्यात्मक पीसीआरने फेरविश्लेषण करून ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आजारी व निरोगी मुलांतील प्रमाणांची तुलना केल्यावर शिगेलाचा वाटा आधीच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. प्रतिकाराच्या जनुकांबाबत सावधगिरी याहून जास्त लागते. विष्ठेत औषधाला दाद न देण्याचे जनुक मिळाले, तरी ते रोगजंतूचे की त्याच आतड्यात वर्षानुवर्षे नांदणाऱ्या दुसऱ्या जिवाणूचे, हे मिश्र नमुन्यातून ठरत नाही. त्यासाठी जिवाणू वेगळा वाढवावाच लागतो. संवर्धन मोडीत काढावे असे म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घेतलेला नसतो.

जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची गोष्ट निराळी आहे. जळजळ आणि अल्सर यांचा दोष आपल्याकडे तिखट रस्सा, खर्रा किंवा उपासतापास यांच्यावर ढकलला जातो. पण १९८२ मध्ये वॉरन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हा जिवाणू वेगळा केला आणि मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचे संवर्धन स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू वाढवणे अतिशय किचकट असते. त्यामुळे क्लॅरिथ्रोमायसिन हे त्यावरचे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हे त्याच्या २३एस आरएनए जनुकातील एखाद-दुसऱ्या अक्षराच्या बदलावरून ओळखणे सोयीचे ठरते. हा बदल त्या जिवाणूच्या स्वतःच्या जनुकात असल्याने आतड्यातल्या इतर गर्दीची शंका येथे फारशी उरत नाही.

२०२० नंतर विदर्भातील जिल्ह्यांच्या ठिकाणी आरटी-पीसीआर यंत्रे आली आणि क्षयरोगासाठी बॅटरीवर चालणारी छोटी जनुकीय यंत्रे काही ठिकाणी तालुक्याच्या खालपर्यंत पोचली. हगवणीच्या नेहमीच्या रुग्णासाठी ती वापरली जात नाहीत आणि वापरण्याची गरजही सहसा नसते, कारण जंतू कोणताही असला तरी ओआरएस ताबडतोब आणि बालकांना १४ दिवस झिंक हाच मुख्य उपचार असतो. त्यांचा उपयोग होतो तो एकाच मोहल्ल्यातून दोन दिवसांत दहा-पंधरा रुग्ण आले म्हणजे. तेव्हा सुरुवातीच्या चार-पाच रुग्णांचे स्वॅब औषध देण्याआधी आणि विहिरीचे पाणी पावडर टाकण्याआधी घेतलेले असावे लागते. पाण्यात आधीपासून क्लोरीन असल्यास तो मारण्यासाठी संवर्धनाच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, त्यामुळे ती बाटली विसळून घ्यायची नसते.